पहिलं घर लावताना: दार पूर्ण उघडता येईल असं घर

लग्न होऊन आम्ही दोघं डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमधे राहायला आलो, आणि तिसऱ्याच आठवड्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मी दार अर्धंच उघडलं आणि एक हात दाराच्या कडेला धरून तशीच त्यांच्याशी बोलले, कारण आत हॉलमधे खोकी, दिवाणावर कपड्यांचा ढीग, जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. काकूंनी आत डोकावूनही बघितलं नाही, विरजण घेतलं आणि गेल्या. मला मात्र दिवसभर चैन पडली नाही, आमच्या गावाकडच्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं आणि आलेल्या माणसाला "या, बसा" म्हटल्याशिवाय आई पुढचं बोलायचीच नाही, आणि मी शेजारणीला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं.

त्याला आता बारा वर्षं झाली. मधे दोन भाड्याची घरं झाली, आता स्वतःचं आहे, कार्पेट ३९० स्क्वेअर फूट, त्यात आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी. मोठं घर नाहीये पण बेल वाजली की दार पूर्ण उघडता येतं. नवीन लग्न झालेले, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत पहिल्यांदा फ्लॅट घेतलेले, होस्टेलमधून निघून स्वतःचं घर लावायला निघालेले, अशांसाठी हे लिहितेय, क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

पायरी १: सामान येण्याआधी रिकामं घर बघा

किल्ली मिळाली की लगेच टेम्पो बोलवू नका. जमलं तर एक पूर्ण दिवस रिकाम्या घरात घालवा, नाहीतर निदान एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी तरी जाऊन या. ऊन कुठल्या खिडकीतून येतं, वारा कुठून कुठे जातो, कुठल्या भिंतीला ओल आहे (भिंतीवर तळहात ठेवून बघा, गार आणि दमट लागलं किंवा रंगाचे पापुद्रे आलेले दिसले तर त्या भिंतीला कपाट लावायचं नाही), नळ ठिबकतोय का, पाणी किती वाजता येतं, प्लग पॉइंट कुठे आहेत. हे सगळं कागदावर लिहून ठेवा, कारण फ्रिज आणि कपाट एकदा ठेवलं की सहसा परत हलत नाही.

भाड्याचं घर असेल तर आधीच्या भेगा, डाग, तुटकी कडी, सगळ्याचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. भिंतीत ड्रिल केलेलं चालेल का, खिळे कुठे मारायचे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो रजिस्टर करावा लागतो, ते काम लांबवू नका, डोक्यात टांगलेलं राहतं आणि मग घर आपलं वाटतच नाही.

मग साफसफाई. कपाटं आणि शेल्फ आतून साबणाच्या पाण्याने पुसून एक दिवस उघडी ठेवायची, पूर्ण वाळल्याशिवाय त्यात काही ठेवायचं नाही. खिडक्यांना मच्छरजाळी नसेल तर ती आत्ताच लावून घ्या, सामान आल्यावर खिडकीपर्यंत पोचताच येत नाही.

आणि एक पिशवी वेगळी भरा, तिच्यावर मोठ्या अक्षरात "पहिला दिवस" लिहा. चहा, साखर, दूध, छोटं पातेलं, गाळणी, लायटर, चार कप, दोन चादरी, टॉवेल, साबण, रोजची औषधं, चार्जर, एक बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, झाडू. ही पिशवी टेम्पोत टाकू नका, हातात ठेवा. आमच्याकडे नव्या घरात आधी दूध उतू घालतात, ते झालं की त्याच दुधाचा चहा करून सामान उचलणाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना द्यायचा, तिथून ओळख सुरू होते.

पायरी २: महिनाभर काही विकत घेऊ नका

हे ऐकायला अवघड जातं. नवीन घर म्हटलं की ऑनलाइन ऑर्डरी सुरू होतात, ऑर्गनायझर, बास्केट, हुक, शेल्फ. पण घरात काय कमी आहे हे राहून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्याकडे खरा प्रश्न बहुतेक वेळा जास्तीचाच असतो. लग्नाच्या आहेरातच आमच्याकडे चार लेमन सेट आले होते, भिंतीवरची घड्याळं, फोटो फ्रेम, डिनर सेट, एकाच मापाची स्टीलची पातेली. पुढे दर संक्रांतीला रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि त्यात वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, वाट्या, चाळण्या येत राहतात, त्याही कुणी प्रेमानेच दिलेल्या असतात म्हणून टाकवत नाहीत.

मी असं केलं: सगळ्या वस्तू एका चादरीवर मांडल्या आणि प्रत्येकीला विचारलं, ही गेल्या महिन्यात वापरली का? नाही तर वर्षातून कधी लागेल, आणि तो दिवस कोणता? "गणपतीत वीस माणसं जेवायला असतात तेव्हा" हे उत्तर चालतं. "कधीतरी लागेल" हे उत्तर चालत नाही. जे गेलं ते कचऱ्यात नाही गेलं, लेमन सेट दोन भाचींच्या होस्टेलवर गेले, जुने कपडे देऊन बोहारणीकडून एक चांगली परात घेतली, रद्दी आणि भंगार त्यांच्या त्यांच्या ठिकाणी. आईने माझं नाव घालून दिलेला पितळी तांब्या मात्र ठेवला, तो रोज वापरते, वापरात असलेल्या वस्तूची अडगळ होत नाही.

पायरी ३: दारापासून सुरुवात करा

सगळे किचनपासून सुरुवात करतात, मी म्हणेन दारापासून करा, कारण घरातला सगळा पसारा तिथूनच आत येतो. दाराशी पाच गोष्टींना पक्की जागा हवी: चपला, किल्ली, छत्री, पिशव्या आणि कागद.

चपला, माणशी एकच जोड बाहेर, बाकीच्या कपाटात. सोसायटीच्या पॅसेजमधे रॅक ठेवून रस्ता अडवू नका, आग लागली तर त्याच वाटेने सगळ्यांना उतरायचंय. किल्लीला दाराच्या आत खांद्याच्या उंचीवर खिळा. छत्रीसाठी हुक आणि जून ते सप्टेंबर त्याच्या खाली एक जुनी बादली, म्हणजे पाणी फरशीवर वाहत नाही आणि कुणी घसरत नाही. कापडी पिशव्या दारामागे टांगलेल्या, प्लास्टिक कॅरीबॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे तरी पिशवी घरी विसरते म्हणून आपण परत घेतोच, दारातच दिसली तर विसरत नाही. आणि एक उथळ ट्रे, विजेचं बिल, सोसायटीची पावती, लग्नपत्रिका सगळं त्यात, दर रविवारी रिकामा करायचा.

पायपुसणं दोन ठेवा, एक बाहेर, एक आत, आणि दोन्ही दर आठवड्याला धुवा. दारावरचा दिवा चांगल्या उजेडाचा हवा, येणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे आणि त्याला उंबरा दिसला पाहिजे.

पायरी ४: किचन, इथे घाई नको

आधी ओट्यापाशी उभं राहून एक चहा करा आणि आपण किती वेळा वळलो, वाकलो, हात वर केला ते मोजा. मग भाजी-पोळी करताना तेच. जे रोज लागतं ते कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, आठवड्यातून लागतं ते खाली, सणावारी लागतं ते वर. चहा-साखर आणि गाळणी गॅसच्या डाव्या-उजव्या हाताला, मिसळणाचा डबा एका हाताने उघडता येईल तिथे, पोळपाट-लाटणं उभं, कणकेच्या डब्याजवळ. तवा, सांडशी, उलथनं यांना भिंतीवर हुक. ट्रॉल्या नसतील तर काही बिघडत नाही, स्टीलची भिंतीवरची मांडणी अजूनही उत्तम, भांडी वाळतात पण आणि दिसतात पण.

डाळी, रवा, पोहे पारदर्शक बरण्यांत, कारण संपत आलंय हे न उघडता कळतं. नवीन माल जुन्यावर ओतायचा नाही, बरणी रिकामी करून पुसायची, नवा खाली, जुना वर. शहरातल्या लहान घरात वर्षाची साठवण करण्याचा हट्ट धरू नका, आमच्या गावाकडे कोठी होती, ऊन दाखवायला अंगण होतं, इथे पोत्याने गहू आणला तर पावसाळ्यात सोंडे होतात आणि ते पोतं रोज डोळ्यांसमोर चिंता होऊन बसतं. महिन्याचे दहा किलो गहू पुरेत. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला, जास्त तूरडाळ ठेवायची असेल तर थोडं एरंडेल चोळून, कोरडा डबा आणि घट्ट झाकण.

गॅसचं नीट बघा. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो, तो कायम उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही, आणि बंद कपाटात असेल तर कपाटाला खाली जाळी हवी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. केशरी पाइपवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी तो बदलायचा. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कचरा ओला आणि सुका वेगळा, दोन डबे, ओल्याचा झाकणवाला आणि रोज रिकामा. रात्री सिंक रिकामं आणि कोरडं, ओटा पुसलेला. एवढं केलं तरी झुरळांचा अर्धा बंदोबस्त होतो कारण त्यांना रात्री पाणी आणि खरकटं लागतं. उरलेल्यांसाठी बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या कोपऱ्यात, पण रांगतं मूल किंवा मांजर असेल तर त्यांच्या तोंडात जातील अशा जागी अजिबात नाही.

सकाळी उठून कोरडा रिकामा ओटा बघणं यासारखं सुख नाही, मी हे अगदी मनापासून सांगते. दिवसाची सुरुवात कालच्या भांड्यांनी झाली की आवाज चढतात, डबे उशिरा होतात, लोकल चुकते.

पायरी ५: हॉल, म्हणजे बसायची जागा

आलेल्या माणसाला आपण कुठे बसायचं हे आत पाऊल टाकताच कळलं पाहिजे. "थांबा हां, हे उचलते" असं म्हणावं लागलं की पाहुण्याला वाटतं आपण अवेळी आलो. म्हणून एक नियम: दिवाण आणि खुर्च्या यांच्यावर वस्तू ठेवायची नाही. वाळलेले कपडे ठेवायला झाकणाची एक टोपली करा, ती बेडरूममधे, घडी होईपर्यंत कपडे तिच्यात.

एक खुर्ची हातांची हवी, सरळ पाठीची, थोडी उंच. खोल मऊ सोफ्यातून वयस्कर माणसाला उठता येत नाही आणि ते बोलूनही दाखवत नाहीत. सासूबाईंच्या मैत्रिणी आमच्याकडे येतात त्याचं एक कारण ती खुर्ची आहे असं मला खरंच वाटतं. जास्त माणसं आली की सतरंजी, ती गुंडाळून दिवाणामागे उभी. दिवाण पेटीचा असेल तर पाहुण्यांची अंथरुणं त्यातच.

उजेडाकडे कुणी लक्ष देत नाही. बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं तो पांढरा, निळसर उजेड, अभ्यासाला आणि ओट्यावर बरा. हॉलमधे संध्याकाळी २७०० किंवा ३००० के वाला पिवळसर बल्ब लावून बघा, खर्च एका बल्बचा आणि घर एकदम निवांत वाटायला लागतं.

गॅलरीत कुंड्या असतील तर त्यांच्या खालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या करा, फ्रिजच्या मागचा ट्रेसुद्धा. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतात, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून हे काम आठवड्याच्या आत.

पायरी ६: कपाट, माळा आणि पावसाळा

कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं तरी जागा सोडा, हवा खेळली की बुरशी कमी. कपड्यांत डांबरगोळ्या टाकत असाल तर लहान मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा, गिळल्या तर धोका असतो, मी कापडाच्या पुरचुंडीत कडुलिंबाचा पाला ठेवते. पाऊस गेला की ऑक्टोबरच्या कडक उन्हात गाद्या, गोधड्या, रेशमी साड्या (साड्या सावलीतल्या वाऱ्यावर, थेट उन्हात नाही) बाहेर काढायच्या.

माळ्यावर काय आहे याची यादी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, "खोकं १ गणपतीचं मखर, खोकं २ दिवाळीचा कंदील आणि पणत्या, खोकं ३ लहानपणीचे स्वेटर". यादीत नाव नसेल ते माळ्यावर चढवायचं नाही. घराची कागदपत्रं, आधार, पासबुकं, मुलांचे दाखले एकाच फायलीत आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना माहीत हवं.

पायरी ७: जागा एकट्याने ठरवू नका

हे मी उशिरा शिकले. आत्ताच्या घरात आलो तेव्हा सगळं मीच लावलं, दोन रात्री जागून, अगदी छान. सासूबाई गावाहून आल्या, मी त्यांचं सामानही लावून टाकलं. चार दिवसांनी बघते तर त्या त्यांच्या बीपीच्या गोळ्या उशीखाली ठेवायला लागल्या होत्या, पोथी पिशवीतच, जपमाळ पदराला बांधलेली. विचारलं तर म्हणाल्या, "अगं तुझं सगळं छान लावलंयस, मला कुठे हात लावावा कळत नाही." घर नीटनेटकं होतं, पण त्या त्यांच्याच घरात पाहुण्या होत्या.

मग परत लावलं, सगळ्यांनी मिळून. देवघर त्यांना बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर आलं, गोळ्यांचा डबा पाण्याच्या माठाशेजारी, मुलीच्या दप्तराचा हुक तिच्या उंचीला, नवऱ्याला लॅपटॉप आणि वायरी ठेवायला एक ड्रॉवर ज्यात मी हात घालत नाही. ज्याची वस्तू त्याने जागा सांगायची. तेव्हापासून "अगं माझं अमुक कुठंय?" हा प्रश्न जवळजवळ बंद झालाय, आणि सकाळची अर्धी भांडणं त्याच प्रश्नाने सुरू व्हायची.

शांततेसाठी आणखी दोन गोष्टी. दिवेलागणीला पंधरा मिनिटं टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, दिवा लावायचा आणि प्रत्येकाने आपापल्या दहा-बारा वस्तू जागेवर न्यायच्या, वय कितीही असो. एकट्यावर पडलं तर ते काम दोन तास चालतं आणि मनात राग साठतो. आणि लहान घरात एक कोपरा असा ठरवा की तिथे बसलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, आमच्याकडे तो खिडकीखालचा पाट आहे, मुलगी रुसली की ती, मी दमले की मी.

पायरी ८: पाहुण्यांची तयारी आधीच

पाणी आधी, तांब्या-भांड्यातून, मग विचारपूस, मग चहा. "चहा घेणार का" असं विचारू नका, माणूस भिडेने नाही म्हणतो, "चहा टाकते" म्हणा. घरात कायम पोहे, भाजलेला रवा, गूळ-शेंगदाणे आणि एखादा कोरडा पदार्थ, चिवडा किंवा लाडू, एवढं असलं तर धावपळ होत नाही.

मुक्कामाला येणाऱ्यांसाठी एक पिशवी तयार: धुतलेली चादर, पांघरूण, टॉवेल, नवीन टूथब्रश, जास्तीचा चार्जर. बाथरूममधे एक हुक कायम रिकामा ठेवा. गावाहून आलेल्या माणसाला कपडे कुठे टांगायचे हे विचारायला संकोच वाटतो, हुक रिकामा दिसला की विचारावं लागत नाही. गिझर कसा लावायचा, पिण्याचं पाणी कुठलं, हे आल्या आल्या दाखवून द्यायचं. संडास-बाथरूम रोज धुवा, पाहुणे येणार म्हणून नाही, रोजच.

मोठी आवरासावर वर्षातून तीनदा, गणपतीआधी, घट बसायच्या आधी आणि दिवाळीला, त्याहून जास्त ताण घेऊ नका. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. मला सगळ्या पूजेत तीच सगळ्यात जवळची वाटते, घर राखणाऱ्या हातातल्या साधनाला नमस्कार करतो आपण.

सगळ्यात शेवटचं काम दारावरची पाटी. आमच्याकडे आधी फक्त आडनाव आणि नवऱ्याचं नाव होतं, आता चौघांची नावं आहेत, सासूबाईंचं पहिलं आणि मुलीचं शेवटचं, पेंटरकडून साध्या लाकडावर रंगवून घेतली. आणि पाटी लावायला माणूस आलाच होता तर बेलचं बटणही खाली घेऊन टाकलं, साडेतीन फुटांवर, म्हणजे शेजारच्या काकूंचा नातू हल्ली विरजणाची वाटी घेऊन येतो त्याचा हात पोचतो.